आपण म्हणजे कोण?

फेब्रुवारी संपत आला की आमच्या बिल्डिंगमधले टीव्ही आपोआप हळू होतात. कुणी सांगत नाही, नोटीस लागत नाही. एखाद्या घरात दहावी-बारावी आहे एवढं कळलं की खालच्या मजल्यावरची बाई दुपारी मिक्सर लावायचं टाळते, आणि गच्चीवर पापड घालणाऱ्या बायका जिन्यातून उतरताना कुजबुजत उतरतात. यंदा शेजारच्या घरात दहावी आहे आणि आमच्याकडे बारावी. परवा लिफ्टमध्ये शेजारीण म्हणाली, "आमची भूमिती थोडी कच्ची आहे हो. तुमचं फिजिक्स कसं चाललंय?" मी म्हटलं, "चाललंय." बाहेर पडल्यावर मात्र एकटीच हसत सुटले. मुलगा प्रमेयं पाठ करतोय आणि भूमिती कच्ची आईची! 'आमची', 'आपलं', 'आपण' हे शब्द कानावर पडले की मला अलीकडे हसू येतं, आणि हसू आलं की दोन वर्षांपूर्वीचा मार्च आठवतो.

त्या मार्चमध्ये आमच्या घरात दोन परीक्षा होत्या. माझ्या मुलीची, तन्वीची, दहावी. आणि माझ्या मुलाखती.

वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीत मी कितीतरी वर्षं काढली होती. रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवायचो. तुम्ही लॅबमध्ये रक्त देऊन येता आणि संध्याकाळी मोबाईलवर रिपोर्ट येतो ना, ते काम. दिवाळी झाली आणि मालकांनी ठाण्याचं ऑफिस बंद करायचं ठरवलं. शेवटच्या आठवड्यात एचआरचा एक मुलगा माझ्या टेबलापाशी आला. चांगला पोरगा, मनात काही नाही. म्हणाला, "मॅडम, तुमचं काम कुणाकडे सोपवायचं? म्हणजे, तुम्ही नक्की काय करायचात?" मी म्हणाले, "तसं सगळंच, थोडं थोडं." त्याने मान डोलावली आणि पुढच्या टेबलाकडे गेला. नोकरी गेल्याचं वाईट वाटलं ते वाटलंच, पण त्याहून जास्त लागलं ते हे. इतकी वर्षं रोज डबा घेऊन जाणाऱ्या बाईला आपण काय करतो ते एका वाक्यात सांगता येऊ नये?

एका जुन्या सहकाऱ्याने फोनवर सांगितलं, "अगं, तू जे करायचीस त्याला प्रॉडक्ट मॅनेजर म्हणतात. अर्ज कर." लोकांना काय अडतंय ते हेरायचं, काय बनवायचं, आधी काय आणि मागून काय ते ठरवायचं, आणि बनवणाऱ्यांना ते पटवून द्यायचं. चाळिशी ओलांडल्यावर मला कळलं की माझ्या कामाला नाव आहे. नाव कळलं, आता मुलाखतीत ते काम माझंच आहे हे सिद्ध करायचं होतं.

घरी अभ्यास होईना. तन्वी एका खोलीत इतिहास मोठ्याने वाचायची, दुसऱ्या खोलीत मी इंग्रजीत उत्तरं घोकायची, आणि दोघींची सरमिसळ होऊन तिला माझी उत्तरं पाठ व्हायला लागली. माझे सासरे, आम्ही त्यांना बाबा म्हणतो, टपाल खात्यातून निवृत्त झालेले. आमच्या गल्लीतल्या विहाराच्या वरच्या मजल्यावर मुलांसाठी अभ्यासिका आहे, तिची किल्ली त्यांच्याकडे. ते म्हणाले, "सुजाता, तू पण चल की तिकडे. परीक्षा ती परीक्षाच."

तर मी जाऊ लागले. आजही ती खोली आठवली की आधी वास येतो. खालून मेणबत्त्यांचा, वर फळ्यावरच्या मार्करचा, आणि खिडकीबाहेरच्या आंब्याच्या मोहोराचा. निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या, दुपारी गरम हवाच फिरवणारे पंखे. खाली कोपऱ्यावर रसवंतीच्या घुंगरांचा आवाज. पाच वाजले की मैदानात जयंतीच्या मिरवणुकीसाठी लेझीमची तालीम सुरू व्हायची आणि आत बसलेल्यांचे पाय टेबलाखाली आपोआप ताल धरायचे. दहावी, बारावी, पोलीस भरती, राज्यसेवा, सगळ्या पोरापोरींच्या मध्ये मी एक, चष्मा लावून, पंजाबी ड्रेसवर स्टोल घेऊन.

"काकू, तुमची कुठली पोस्ट?" पहिल्याच दिवशी एकाने विचारलं.

"प्रॉडक्ट मॅनेजर."

"म्हणजे साबण वगैरे विकायचे का?"

"नाही रे. साबण कसा असावा ते ठरवायचं."

"आयला, भारी! बसून ठरवायचं फक्त?"

मला हसावं की रडावं कळेना. पण त्या पोराला समजावून सांगताना मी जेवढं बोलले, तेवढं नीट आधी कधी बोलले नव्हते.

तिथेच करुणा भेटली. राज्यसेवेची तयारी करणारी, सडपातळ, बोलायला एकदम फटकळ. लेखी परीक्षा पास होऊन मुलाखतीपर्यंत पोचलेली आणि तिथून परत आलेली. त्यामुळे मुलाखत या विषयावर अभ्यासिकेत तिचा शब्द शेवटचा. तिने मला समोर बसवलं. "काकू, मी पॅनल. सांगा, स्वतःबद्दल सांगा."

मी सुरू केलं. जन्म आंबिवलीचा, शिक्षण कल्याणला, लग्नानंतर इकडेच, घरी मिस्टर, एक मुलगी, सासरे...

"थांबा, थांबा. काकू, तुम्हाला बघायला पाहुणे आलेत का? आता पोहे आणणार का तुम्ही?"

सगळी खोली फिदीफिदी हसली. बाबा वर्तमानपत्राआड हसले, ते मला दिसलं. पण खरंच, आमच्या पिढीच्या कित्येक बायकांना स्वतःबद्दल सांगायचा सराव एकदाच होतो, आणि त्यात काम सोडून बाकी सगळं येतं.

मग रोज दुपारी माझी मुलाखत हा अभ्यासिकेचा मधल्या सुट्टीचा कार्यक्रमच झाला. प्रश्न इंटरनेटवर सापडायचे, सगळीकडे तेच ते. तुमचं आवडतं प्रॉडक्ट कोणतं आणि त्यात काय सुधाराल? लोक म्हणे अशा वेळी एखाद्या परदेशी ॲपचं नाव घेतात. मी म्हटलं, प्रेशर कुकर. सुधारणा? शिट्ट्या मोजत उभं राहावं लागतं, ते बंद करायचं, शिट्टी न होता आपोआप गॅस कमी व्हावा. यावर बाबांनी पेपर खाली ठेवला. "शिट्टीला हात लावू नकोस. शिट्टी गेली तर माणसाला घराबाहेरून कळणार कसं, की जेवायला वेळ आहे का पंधरा मिनिटांत बसायचंय?" करुणा म्हणाली, "काकू, बाबा पास झाले. तुम्ही कुकर वापरणाऱ्यालाच विचारलं नाय." त्यावर मला म्हणावंसं वाटलं की कुकर वापरते मी, ते फक्त ऐकतात. पण मुद्दा तिचाच बरोबर होता. ऐकणारासुद्धा वापरणाराच असतो.

दुसरा एक लाडका प्रश्न अंदाजाचा. अमुक शहरात तमुक वस्तू किती खपते, आकडा बरोबर यायला हवा असं नाही, विचार कसा करता ते त्यांना बघायचं असतं. आम्ही घेतला कल्याणमधला वडापाव. स्टेशनच्या गाड्या धरायच्या का, कॉलेजची पोरं दोन खातात का एक, उपासाच्या दिवशी काय, यावर पोलीस भरतीवाले आणि बारावीवाले असे भांडले की उत्तर निघायच्या आधी सगळ्यांना भूकच लागली आणि बैठक खालच्या गाडीवर हलली.

हे सगळं आता सांगताना मजेचं वाटतं. तेव्हा वरून हसायचे आणि आतून एकच धास्ती, की एचआरच्या त्या पोराने विचारलेला प्रश्न कुणीतरी पुन्हा विचारणार आणि मी पुन्हा "थोडं थोडं" म्हणणार.

आणि विचारलाच. पहिली मुलाखत घरून, व्हिडिओवर. समोर एक तरुण गृहस्थ, नम्र, इंग्रजी सफाईदार. खाली भंगारवाला ओरडत होता, मी खिडकी लावून घेतली. ते म्हणाले, एखादी अवघड अडचण तुम्ही कशी सोडवलीत ते सांगा. हे मला येत होतं. मी सांगू लागले, आम्ही हे पाहिलं, मग आम्ही असं ठरवलं, मग आम्ही तसं केलं. त्यांनी मध्येच विचारलं, "आम्ही म्हणजे कोण?" मी म्हटलं, टीम. "बरं. त्यात तुम्ही काय केलंत?" मी पुन्हा सुरू केलं, आणि पुन्हा 'आम्ही'. त्यांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं तेव्हा त्यांनाच माझी कणव आल्यासारखी वाटली. नकाराचं ईमेल गोड भाषेत आलं.

दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेत मी मागची कोपऱ्यातली खुर्ची धरली. करुणाने हेरलं. "चला काकू, तोच किस्सा मला सांगा. मराठीत."

तो किस्सा असा. आमच्या कंपनीचा रिपोर्ट मोबाईलवर यायचा, पण तो उघडायला पासवर्ड लागायचा. खाली सूचना असायची, 'नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्माचं साल टाका.' इंग्रजी सूचनेचं कुणीतरी शब्दाला शब्द ठेवून मराठी केलं होतं. रिपोर्ट उघडत नाही म्हणून फोन यायचे, आणि ऑफिसात सगळे म्हणायचे, लोकांना मोबाईल येत नाही, त्याला कोण काय करणार. एकदा फोन घेणारी मुलगी रजेवर होती म्हणून मी घेतला. पलीकडे एक मावशी. साखरेचा रिपोर्ट आलाय, डॉक्टर थांबलेत, उघडत नाही. मी म्हटलं, मावशी, नावाची पहिली चार अक्षरं टाकलीत का? त्या म्हणाल्या, "बाई, माझं नाव उषा. माझ्या नावात अक्षरं दोनच. उरलेली दोन कुठून आणू? ह्यांची टाकू का?"

अभ्यासिका हसून हसून आडवी झाली. एक पोरगी म्हणाली, "माझ्या आजीचं नाव यमुना, तिला एकच कमी पडलं असतं!"

"मग?" करुणा विचारत होती.

"मग काय, आपल्या लक्षात आलं ना, की घोळ लोकांचा नाहीये. इंग्रजीत उषाची चार अक्षरं, मराठीत दोन. मग आपण आणखी फोन ऐकले. कुणी ज्ञानेश्वर म्हणतो माझं डी ने की जी ने? मग आपण सांगितलं, नाव काढूनच टाकायचं, फोनवर ओटीपीचे आकडे पाठवायचे तेवढे पुरे."

"काकू, आपण म्हणजे कोण?"

"म्हणजे... आपणच."

"मी होते का तिथे?"

"नाही गं."

"हा होता? ही होती? मग फोन कुणी उचलला?"

"मी."

"लक्षात कुणाच्या आलं?"

मी वहीचं पान उलटलं. करुणा तिच्या मानाने फारच हळू बोलली, "काकू, एवढं भारी काम केलंत, आणि सगळ्या गावाला वाटून मोकळ्या झालात."

त्या दिवशी घरी जाताना मी आमच्या भाषेचा विचार करत होते. आपल्याकडे माणसं कामं करत नाहीत, कामं होतात. चहा झाला. पोळ्या झाल्या. धुणं झालं. मुलं मोठी झाली. कुणी केलं ते सांगावं लागत नाही आणि सांगितलं तर बरं दिसत नाही. माझी आई म्हणायची, मी मी करणारी बाई डोळ्यावर येते. तिचंही चूक नव्हतं. चाळीत एका नळावर पाणी भरणाऱ्या बायकांना 'आपण' म्हटल्याशिवाय दिवस ढकलता आला नसता. पण 'आपण'मध्ये एक सोय अशीही आहे, की त्याच्या आड उभं राहिलं की कुणाला दिसत नाही. मला ती सोय फार आवडत होती, हे मला त्या मार्चमध्ये कळलं.

पुढचे दिवस मजेत गेले. मी 'आपण' म्हटलं की करुणा पेनाने टेबल वाजवायची. घरी तेच काम तन्वीने घेतलं. "आज आपण भेंडी करूया," मी म्हणायचे. "कोण करणार?" "मी." "मग तसं म्हण ना मम्मी!" नवरा कामावरून आला आणि म्हणाला, "आपल्याला गॅसचं बुकिंग करायला हवं," तेव्हा आम्ही दोघी त्याच्याकडे अशा वळलो की बिचाऱ्याने मुकाट्याने फोन काढला. अजूनही हा नियम घरात चालू आहे, आणि त्याचा फायदा सर्वात जास्त मलाच झालाय.

दुसरी मुलाखत ठाण्यात, समोरासमोर. पत्ता वाचला आणि चमकले. वागळे इस्टेट, आमच्या जुन्या ऑफिसच्या अलीकडची गल्ली. रिक्षातून उतरले तेव्हा ऊन चढलं होतं. शेजारच्या वर्कशॉपमधून तापलेल्या लोखंडाचा आणि तेलाचा तोच ओळखीचा वास आला, आणि मला एकदम घरच्यासारखं वाटलं. भीती गेली नाही, पण ती ओळखीच्या जागी आली होती.

समोर दोघं होते. एक वयस्क गृहस्थ आणि माझ्याहून लहान अशी एक बाई, जी कमी बोलत होती आणि सगळं ऐकत होती. तिनेच विचारलं, एखादी अडचण तुम्ही कशी सोडवलीत? मी श्वास घेतला. फोन मी उचलला. घोळ सूचनेत आहे हे मी ओळखलं. बाकीचे फोन मी बसून ऐकले. इंग्रजीत 'मी' एवढंसंच असतं, एक उभी रेघ, पण ते म्हणताना मला दुसऱ्याच्या घरी जाऊन न विचारता फ्रिज उघडल्यासारखं वाटत होतं. दोन-तीन वाक्यं गेली आणि कुणी ओरडलं नाही. मग हळूहळू सवय झाली.

"प्रोग्रॅमर लगेच तयार झाला?" तिने विचारलं.

"नाही. तो म्हणाला, लोकांना शिकवा. मग मी त्याला पुढचा फोन ऐकायला माझ्या शेजारी बसवलं. त्याच आठवड्यात आम्ही ते काढून टाकलं."

"आम्ही?"

मी थांबले. क्षणभर वाटलं, गेलं सगळं. मग मलाच कळलं की इथे मला बदलायचं नाहीये. "हो, इथे आम्हीच," मी म्हणाले. "मला प्रोग्रॅमिंग येत नाही आणि त्याला फोन ऐकायचे नव्हते. एकट्याचं ते कुणाचंच नाही." त्या बाईने पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं आणि हसली.

बाहेर आले तेव्हा पाय हलके झाले होते. निकाल काय लागेल ते लागो, आता निदान सांगता आलं होतं. दिवाळीपासून डोक्यावर घेतलेली पाण्याची कळशी कुणीतरी उतरवून घ्यावी तसं वाटलं. मी उसाचा रस प्यायले, आलं-लिंबू घालून, उभ्या उभ्या.

यंदा त्या अभ्यासिकेत तन्वी बसते. करुणा आता ठाण्यात सरकारी कचेरीत आहे. राज्यसेवा नाही, दुसरी परीक्षा पास झाली ती. पण रविवारी येते अजून आणि नवीन पोरांना फाडून खाते. पंखे तेच, हवाही तेवढीच गरम. मला मात्र त्या हवेचा आता त्रास होत नाही. माझी परीक्षा झाली आहे, या एका विचाराने मार्च किती सुंदर दिसतो ते परीक्षा दिलेल्या माणसालाच ठाऊक.

दोन वर्षांपूर्वी त्या मुलाखतीच्या निकालाचा फोन आला तो दुपारी. मी अभ्यासिकेच्या जिन्यात गेले, ऐकलं, दोनदा आभार मानले, आणि तिथेच पायरीवर बसले. बाबा मागून आले. काही झालं तरी न विचारणारा माणूस. माझ्याकडे बघत उभे राहिले फक्त. मी म्हणाले, "बाबा, मी पास झाले. मला घेतलं त्यांनी."

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला आणि जिना उतरायला लागले. "कुठे चाललात?" म्हणत मी मागोमाग. उन्हात इतक्या भराभर चालताना मी त्यांना कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. कोपऱ्यावरच्या मिठाईच्या दुकानात शिरून त्यांनी काऊंटरवर हात आपटला. "पेढे दे. चांगले दे."

"काय विशेष, काका?"

"आपल्याला नोकरी लागली."

दुकानदार हातातला चमचा धरून बघतच राहिला. "तुम्हाला? आता? या वयात?"

"मग?" बाबा म्हणाले. "मुलाखत देऊन लागली. वशिल्याने नाही."

मी त्यांच्या मागे, दाराशी उभी होते. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं, नक्की काय ते मी सांगेन म्हणून. मी म्हटलं, "ते बरोबर सांगतायत," आणि रडू फुटायच्या आत एक पेढा उचलून बाबांच्या तोंडात घातला.